पर्यावरणाचा धडा : पुस्तकातला आणि गच्चीवरचा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



शाळा आणि पर्यावरण या विषयावर दहा मिनिटे बोलावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. प्रसादाची वेळ होण्याआधी आटोपतो.

पर्यावरण शाळेत शिकवा, हे आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी तसा आदेश झाला. एनसीईआरटीचा अभ्यासक्रम सर्व राज्यांनी लागू करावा, हा आदेश व्हायला 18 डिसेंबर 2003 उजाडला. तेवढ्यात पहिलीतले मूल बारावी होऊन बाहेर पडले!

विषय आला तो थेट परीक्षेत जाऊन बसला. जलप्रदूषणाची पाच कारणे मुले घडाघडा लिहितात. पण बूढा तालाबात पाणी कुठून येते, असे मी विचारले की वर्ग चिडीचूप. विवेकानंद लहानपणी, 1877 मध्ये, रायपुरात राहायला आले होते, त्यांचे नाव या तलावाला दिले आहे, हे मात्र सगळ्यांना पाठ!

उरला-सिलतऱ्याकडे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. गच्चीवर कपडे वाळत घालण्याआधी आपल्या घरच्या बायका दोरी पुसून घेतात. मुले हे रोज बघतात, पण प्रश्नपत्रिकेत ते येत नाही. म्हणून मी वर्गाला पांढऱ्या कागदाला व्हॅसलीन चोपडून रात्रभर गच्चीवर ठेवायला सांगत असे. सकाळी तीस-चाळीस कागद फळ्यावर लावले, की कोणत्या वस्तीत किती काळे, हे मुलेच एकमेकांना समजावत. माझे काम हजेरी घेण्यापुरते उरे.

आता थोडे आपल्या बाप्पाविषयी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 च्या सुधारित सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘असे का?’ हे मुलांना दोन बादल्यांत दाखवता येते. एकीत मातीचा गोळा, दुसरीत प्लास्टरचा तुकडा. माती बघता बघता विरघळते, प्लास्टर दिवसेंदिवस तसेच बसून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर विरघळवण्याची रीत दिली, तीही दहावीच्या मुलांना करून दाखवण्याजोगी आहे. पण माझ्या मते तो उपाय नाइलाजाचा. दुर्ग जिल्ह्यातले थनौद हे मूर्तिकारांचे गाव हाकेच्या अंतरावर असताना आपल्याला मातीची वाण का पडावी? विसर्जनानंतर हौदातली माती वाळवून पुन्हा वापरताही येते.

मूर्ती किती फुटांची, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो आणि शेवटी वर्गणीदारांचे ऐकले जाते. पुढच्या वर्षीची मूर्ती ठरवायच्या सभेत या बालमित्रांनाही बसू द्या, एवढीच विनंती. त्यांनी आधी प्रयोग करावा, मग मत द्यावे. बादल्या मी आणतो.