टाच दुखतेय, पाठ कशी आहे?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

इंग्लंडहून सुट्टीवर आलो की माझी मावशी एक ठरलेला प्रश्न विचारते, "म्हणजे तू तिकडे जाऊन लोकांची नखंच कापतोस ना रे?" सुरुवातीला तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि माझा तर धंदाच तळपायाचा! हल्ली मी निमूट "हो" म्हणतो. कारण ते खरंच आहे.

मी पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांच्या विकारांवर उपचार करणारा. ब्रिटनमधला पोडियाट्रिस्ट एमबीबीएस झालेला नसतो. त्याची पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. त्यातले सुमारे हजार तास रुग्णांसोबत जातात. मग एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी. ती नसताना स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. सरकारी आरोग्यसेवेत नवा माणूस पाचव्या बँडवर, म्हणजे पाचव्या वेतनश्रेणीवर, लागतो, तज्ज्ञाची पायरी सहाव्या-सातव्याला येते. मला सहाव्याची भारी घाई होती. रुतलेली नखं आणि मधुमेहींच्या जखमा लवकर मागे टाकून मला स्नायू-सांध्यांचं काम करायचं होतं. धावपटू, घोटे, बुटात घालायचे इनसोल वगैरे. रुबाबाचं काम!

पण घट्टे तासता तासता एक गोष्ट ध्यानात आली. घट्टा हा नकाशा असतो. भार जिथे पडतो तिथे कातडी जाड होते. चवड्याखाली दुसऱ्या बोटाच्या मुळाशी घट्टा आणि अंगठ्याच्या आतल्या कडेलाही एक, असं दिसलं की मी आधी अंगठा वर वाकतो का ते पाहतो. बहुतेकदा तो अडलेला असतो. त्याने आपला भार शेजाऱ्यावर ढकललेला असतो.

अंगठ्याला एवढं महत्त्व का? चप्पल काढा. पाऊल जमिनीवर ठेवून अंगठा हाताने वर उचला. कमान उंचावली ना? टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा ताणलेला असतो. अंगठा वर वळला की विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो पट्टा गुंडाळला जातो आणि पाऊल ताठ होतं. हिक्स या संशोधकांनी 1954 मध्ये ही यंत्रणा मांडली, तीही रहाटाचीच उपमा देऊन. टाचदुखीत सकाळचं पहिलं पाऊल ठणकतं ते बहुतेकदा याच पट्ट्यामुळे.

आमच्या शास्त्रात एक देवघर होतं. अमेरिकेतल्या मर्टन रूट यांनी पावलाची एक आदर्श स्थिती सांगितली. त्यापासून ढळलेला पाय सदोष, आणि तो इनसोलने सरळ करायचा. पिढ्यान् पिढ्या हेच शिकल्या. 1995 मध्ये मॅकपॉइल आणि हंट या संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला: पायाचा आकार राहू दे, दुखणाऱ्या ऊतीवर ताण किती पडतोय? माझ्या मते आमच्या व्यवसायाला खरी अक्कल इथे आली. सपाट पाऊल दुखत नसेल तर त्याला सुखाने सपाट राहू द्यावं. पुढे डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी टाचदुखीच्या रुग्णांना बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश उचलण्याचा जड व्यायाम एक दिवसाआड दिला. तीन महिन्यांनी तो नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा सरस ठरला. वर्षभराने मात्र फरक उरला नाही. हेही रुग्णाला सांगायचं असतं. आम्ही सांगायला कचरतो.

आता माझी चूक. पंचविशीतला एक तरुण, दोन्ही टाचा दुखतात. मी चालणं पाहिलं, पोटऱ्या तपासल्या, सुंदर इनसोल करून दिले. दोन महिन्यांनी तो आला तसाच. माझ्या वरिष्ठ बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "सकाळी पाठ कशी असते?" तासभर आखडलेली असते, म्हणाला. हालचाल केली की सुटते, विश्रांतीने सुटत नाही. मणक्याच्या दाहक संधिवाताची ती सुरुवात होती. त्याला संधिवाततज्ज्ञाकडे धाडलं. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

पुढच्या पायऱ्या पटकन सांगतो: पदव्युत्तर अभ्यासक्रम, सोनोग्राफीत पाहून इंजेक्शन देण्याचं शिक्षण. 2013 पासून पात्र पोडियाट्रिस्टला स्वतः औषधं लिहून देण्याचा अधिकारही आहे. काही जण फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतात. पाय दुखणारा रुग्ण थेट त्यांच्याकडे येतो. जबाबदारी वाढते ती इथे, कारण "पाठ कशी आहे?" हे विचारायला शेजारी वरिष्ठ बाई नसतात.

मघाशी फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, नखं-घट्ट्यांचं काम टाळून थेट स्नायू-सांध्यांच्या शाखेत येता येईल का? बाळ, मी आता सातव्या बँडवर आहे, तरी आठवड्यातली एक सकाळ घट्ट्यांच्या बाह्यरुग्ण विभागात मागून घेतो. दहा नंबरचं पातं, पुढ्यात एखाद्या आजीबाईंचं पाऊल. त्या नातवंडांचं सांगत असतात आणि मी नकाशा वाचत असतो.