सुटीचा रस्ता



गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. आज मुंबईची मित्रमंडळी सुटीला जोडून मोटार भाड्याने करतात, रातोरात कसारा घाट चढून घोटीवरून बारी गाठतात, आणि तेथून कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड अशी तीन-चार दिवसांची पायपीट. जावेच! पण मंडळी गाडीत घोरतात तेव्हा ड्रायव्हर जागा असतो. १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराचा दिवस आठ तासांचा ठरवला. मात्र पाचांहून कमी कामगारांच्या धंद्याला तो आपोआप लागू नव्हता. एका गाडीच्या मालकाला कोण विचारणार? म्हणून कसाऱ्याला चहा घेताना तुम्हीच विचारा, "दादा, काल झोपलात किती?" दोन तास म्हणाले, तर तिथेच त्यांना झोपू द्या. कळसूबाईवरचा सूर्योदय चुकेल, चुकू द्या.