जंगलावरचा ताण



आम्ही काही वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. गिरणीची पाळी सुटल्यावर जे वाचले आणि डोंगर चढून जे पाहिले, तेवढेच सांगणार. विषय जंगलाचा आहे, पण लांबच्या नव्हे, आपल्या बोरिवलीच्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. कान्हेरीला आपण सहल नेतो, लेणी बघतो, डबे उघडतो आणि परत येतो. लेण्यांजवळची खडकात कोरलेली पाण्याची टाकी मात्र नीट बघावीत. भिक्खू संघ शेकडो वर्षे तिथे राहिला तो या पाण्यावर. पुढे इंग्रजी अमलात याच डोंगरांत १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला.

साच्यावर ताण्याचा एक धागा तुटला तर गाठ मारली की साचा पुन्हा चालू. पण गाठ मारायच्या आत दुसरा, तिसरा तुटत गेला की कापड हातचे जाते. जंगलाचेही तसेच आहे. एका वणव्याने जंगल मरत नाही. जुना ऐन जाड सालीमुळे तगतो, साग बुडाशी पुन्हा फुटतो. जळतात ती रोपे. ती पुन्हा यायला काही पावसाळे लागतात आणि दर उन्हाळ्याला आग लागली तर ते पावसाळे मिळतच नाहीत. मोठी झाडे म्हातारी होतात, मागून तरुण कोणी नाही. मोकळ्या जागेत गवत आणि घाणेरी माजते. गवत वाळले की झटकन पेटते. आगीने गवत वाढते, गवताने आग वाढते. मग वरून हिरवे दिसले तरी ते आधीचे जंगल राहत नाही.

कारवीचे पाहा. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. फुलून, बी धरून झाड मरते. बी पुढल्या उन्हाळ्यानंतरच्या पावसात सुटते आणि रुजते. नेमका त्याच उन्हाळ्यात वणवा फिरला तर आई गेलेली आणि बाळही गेले. उघड्या उतारावरची माती मग धो धो पावसात खाली येते.

आपल्याकडे वीज पडून आग क्वचितच लागते. बहुतेक वणवे माणसाचेच. ३ डिसेंबर २०१८ ला गोरेगावच्या बाजूचा डोंगर कित्येक तास जळत होता, तो अनेकांना आठवत असेल.

आणि दोष कोणावर येतो? झोपडीवर. १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि उद्यानातल्या हजारो झोपड्या तुटल्या. जंगल राखलेच पाहिजे, आम्हाला मान्य आहे. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये शेजारच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे पडली, बरीचशी रातोरात, ती काही झोपडीवाल्याने पाडली नाहीत. मेट्रो आम्हालाही हवी. पण झाड तोडताना गरिबाला विचारत नाहीत, आणि जंगल वाचवायचे म्हटले की पहिला त्यालाच उठवतात. तिथल्या पाड्यांवरचे वारली तर उद्यानाच्या आधीपासूनचे आहेत.

२०२५ च्या पावसात रुजलेली कारवीची पोरे २०३२ च्या सुमारास फुलतील. तोवर त्यांना आगीपासून राखायचे आहे. वन खाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते. गवत कापायला हात लागतात. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने आपणही एखाद्या रविवारी जाऊ. विळा धरता येणाऱ्यांनी आजच समितीकडे नाव द्यावे. आणि बिडीवाल्यांनी, आम्ही धरून, बिडी घरीच ठेवावी.