पोटातली जेली कुठून आली?

(मझौलीच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. पण आत्याच्या आजारपणात रिपोर्टांची फाईल माझ्याकडे होती. आत्या समोरच बसली आहे. 'माझ्या पोटाची गोष्ट मंडपात कशाला?' म्हणून सकाळी रागावलीही.

तिचे पोट वाढत गेले. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ, रक्तात सीए-१२५ वाढलेले. ऑपरेशनमध्ये पोटभर जेलीसारखा चिकट पदार्थ निघाला. अंडाशयाचा कॅन्सर ठरवून केमो सुरू झाली. अपेंडिक्सकडे कुणी पाहिलेच नाही. आठ महिने गेले.

या रोगाचे नाव स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. १८८४ साली वेर्थ यांनी ते दिले, आणि मूळ अंडाशयात की अपेंडिक्समध्ये हा वाद पुढे शंभर वर्षे चालला. बहुतेक वेळा अपेंडिक्समधली गाठ फुटते, पेशी पोटभर पसरतात आणि अंडाशयावरही जाऊन बसतात. नटी ऑड्री हेपबर्न १९९३ साली अशाच कॅन्सरने गेली.

मग ओळखायचे कसे? मालगाडीच्या वॅगनवर ११ आकडी नंबर असतो. त्यातला तिसरा-चौथा आकडा मालक रेल्वे सांगतो, मग वॅगन कुठल्याही यार्डात उभी असो. पेशींचेही तसेच आहे. जेली म्हणजे म्यूसिन, आणि ते बनवणारी जनुके अनेक. आतड्याच्या पेशींचे एमयूसी-२, जठराचे एमयूसी-५एसी. २००२ साली अमेरिकेत ओ'कॉनेल, बार्स्की आदींनी दाखवले की हा रोग एमयूसी-२ बनवणाऱ्या पेशींचा आहे. अंडाशयाच्या काही गाठींतही ते सापडते, म्हणून सोबत सीके-२०, सीडीएक्स-२, एसएटीबी-२ तपासतात. गंमत म्हणजे सीए-१२५ हेही म्यूसिनच, एमयूसी-१६! पण पोटाच्या आवरणाला दुसरा कसला त्रास झाला तरी ते वाढते, आणि आम्ही तिथेच फसलो.

पहिल्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घेऊन मी मुंबई गाठली. (टाटा मेमोरियलमध्ये १९४१ पासून डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी पॅथॉलॉजीची विद्या रुजवली, तेच हे शहर.) नवी सुई टोचावी लागली नाही. त्याच ब्लॉकमधून निकाल आला : मूळ अपेंडिक्स. केमो बदलली नाही, बंदच झाली. मोठे ऑपरेशन करून जेली साफ केली आणि पोटातच गरम औषध फिरवले.

ब्लॉक आणि स्लाइड्स मागता येतात, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. अर्ज कसा लिहायचा ते ज्यांना हवे असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. नमुना मी सोबत आणला आहे.