किनाऱ्याची सुरक्षा : एक अभ्यासविषय

हर्णे बंदरात मासळीचा लिलाव ऐन रंगात आलेला असतो, तेव्हा समोर सुवर्णदुर्गाच्या बाजूला नांगरलेल्या नौका नीट पाहा. प्रत्येकीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. सुरुवात 'आयएनडी-एमएच' अशी. म्हणजे नौका भारताची, महाराष्ट्राची. गस्तीवरच्या पोलिसाला एवढं लांबूनच कळतं.

एवढी खबरदारी कशाला? १९९३ साली शेजारच्या रायगडात, दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली. मुंबई बॉम्बस्फोटांच्या त्या खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातले काही जणही दोषी ठरले. २००८ मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आले. तेव्हा नुसती गस्त पुरत नाही. कायद्याची जाण, पक्का पुरावा आणि सचोटीची माणसंही लागतात.

हे रीतसर शिकता येतं. गांधीनगरजवळच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथे पोलीस प्रशासन, गुन्हेशास्त्र आणि सागरी सुरक्षा शिकवतात. पुराव्याचं शास्त्र शिकायला मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्था आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. साहजिकच अशा शिक्षणाची गरज वाढणार.

वारा-भरती ओळखणाऱ्या कोळीवाड्यातल्या मुलामुलींनी या वाटेचा जरूर विचार करावा. आणि समुद्रात काही संशयास्पद दिसलं, तर सागरी पोलिसांचा क्रमांक लक्षात ठेवा : १०९३.