कान वाजतात तेव्हा

(फरिदाबाद येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात, व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या मंडपात दरवर्षी आपण आरोग्य, अध्यात्म, गुंतवणूक अशा विषयांवर जाणकारांना ऐकतो. यंदा कार्यकारिणीने प्रेस शॉपमधून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला उभे केले आहे. मी डॉक्टर नाही. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या दोन्ही कानांत गेली वीसएक वर्षे चोवीस तास चालू आहे. आत्ता तुमच्याशी बोलतानाही चालू आहे.

विषय आहे कान वाजण्याचा. बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज येतो, त्याला इंग्रजीत टिनिटस म्हणतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. म्हणजे तक्रार जुनी आहे. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला बारीक शिट्टी, कुणाला ट्रान्सफॉर्मरसारखी घुंई. माझी शिट्टी आहे, कुकरची वाफ बारीक सुटत राहावी तशी.

आपण बहुतेक जण या गावी आलो तेच कारखान्यांच्या निमित्ताने. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी पॉवर प्रेस, हॅमर, ग्राइंडर, कॉम्प्रेसर यांच्याजवळ उमेदीची वर्षे काढली आहेत, ते मला ठाऊक आहे. मी १९७९ साली इथल्या एका कारखान्यात शीट मेटलच्या प्रेस शॉपमध्ये लागलो. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागे. त्या काळी तिथे इअर प्लग मिळत नसत. मिळायला लागले ते फार उशिरा. शिफ्ट संपल्यावर कान तासभर सुन्न असत, सकाळी मोकळे होत. हे सगळ्यांचेच होते, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. पुढे २००४ च्या सुमारास एके रात्री लाइट गेली, पंखा थांबला, आणि शांततेत शिट्टी ऐकू आली. ती पुन्हा थांबली नाही.

हे होते कसे, ते आधी सांगतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर ओळखून ती नसेतून मेंदूकडे पाठवणे हे त्यांचे काम. फार मोठ्या आवाजाने, किंवा मध्यम मोठ्या पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या आवाजाने, या पेशी मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत. बहुतेक वेळा आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे कमी होते. माझ्या ऑडिओग्रामवर नेमका तिथेच खड्डा आहे. माणसांचे बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरे निसटतात. मग घरचे म्हणतात, यांना हवे ते बरोबर ऐकू येते!

आता कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू काय करतो? रेडिओवर स्टेशन नीट लागले नाही की आपण आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते, तसेच काहीसे. मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि आपल्याच मज्जातंतूंची कुजबुज त्याला ऐकू येऊ लागते. तज्ज्ञ बहुतेकदा हाच खुलासा देतात. म्हणून कानात तेल घालून किंवा मळ काढून हा आवाज जात नाही. मळाचा खडा हेच कारण असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरने पाहून सांगावे.

पहिले सहा महिने माझे फार वाईट गेले. झोप नाही, चिडचिड, हिशेबात लक्ष नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर मी आवाज कमी झाला का, तेच पाहायचो. कुणी सांगितलेल्या गोळ्या झाल्या, थेंब झाले. सौ. एकदा म्हणाली, ‘‘तुम्ही घरात असता, पण ऐकत मात्र दुसऱ्याच कुणाला तरी असता.’’ ते खरे होते.

शेवटी ज्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी सगळ्या तपासण्या करून दोन वाक्यांत सांगितले : आवाज जाईलच असे सांगता येत नाही, त्याचा त्रास मात्र बराचसा जाऊ शकतो. त्या दिवशी मला पहिले वाक्यच ऐकू आले. दुसऱ्याचा अर्थ कळायला वर्ष लागले. आज तेच दुसरे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचवायला मी उभा आहे.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी एक प्रयोग केला. चांगले ऐकू येणाऱ्या ऐंशी निरोगी माणसांना आवाजबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी गुणगुण, घुंई, शिट्टी असे काहीतरी सांगितले! म्हणजे पुरेशी शांतता असेल तर थोडाफार आवाज बहुतेकांना ऐकू येतो. माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा आहे, हे खरे. पण त्रास होतो तो नुसत्या आवाजामुळे होत नाही. मेंदू त्या आवाजाला धोका समजून पहारा देत बसतो, त्यामुळे होतो.

आपल्यापैकी जे दिल्ली-मथुरा लाइनच्या कडेला राहतात त्यांना हे लगेच पटेल. घर घेतले तेव्हा रात्रीच्या प्रत्येक मालगाडीला जाग यायची. आता गावाहून आलेला पाहुणा सकाळी विचारतो, ‘‘रात्रभर गाड्या होत्या, झोपता कसे?’’ आणि आपण म्हणतो, ‘‘कुठल्या गाड्या?’’ गाड्या बंद झालेल्या नाहीत. मेंदूने ठरवले की यांच्यापासून धोका नाही. कानातल्या आवाजाचेही असेच होऊ शकते. याला सवय होणे म्हणतात, आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० पासून मांडलेल्या उपचारपद्धतीचा पायाही हाच आहे.

आता हे घडावे म्हणून काय करायचे, ते अनुभवाने आणि डॉक्टरांना विचारून सांगतो.

पहिले, एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका : आवाज एकाच कानात असणे, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणे, सोबत चक्कर येणे. आणि एखाद्या कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. चालू औषधांची यादीही दाखवा. ॲस्पिरिनचे मोठे डोस, काही प्रतिजैविके यांचा कानांवर परिणाम होतो. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

दुसरे, ठार शांततेत बसू नका. अंधारात काडेपेटी पेटवली तर डोळे दिपतात, दिवसा ती दिसतही नाही. रात्री पंखा, कूलर, हळू आवाजात तानपुरा किंवा पावसाचा आवाज चालू ठेवा. तो इतकाच असावा की कानातला आवाज त्यात मिसळेल. तो दाबून टाकायला मोठ्याने काही लावू नका. मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतो. काळी दोन. सौ.ला आता त्याशिवाय झोप येत नाही, ही त्यातली अडचण!

तिसरे, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. चष्म्याची लाज वाटत नाही, मग याची का वाटावी? बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचू लागले की आतला आवाज अनेकांना कमी जाणवतो. मला जाणवतो.

चौथे, भीती आणि झोप यांवर काम करा. मानसोपचारात सीबीटी नावाची पद्धत आहे. ‘हा आवाज मला वेडा करणार’ अशा विचारांना तपासून पाहायला ती शिकवते. टिनिटसच्या त्रासावर सर्वांत चांगला पुरावा आज तिच्याच बाजूने आहे. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्याने सोसू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पाचवे, चमत्कारापासून सावध राहा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले की जिन्को, मेलाटोनिन, जस्त यांची यासाठी शिफारस करू नये. ‘पंधरा दिवसांत कान शांत’ म्हणणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा चांगला पंखा घ्या.

सहावे, कानांना पहारेकरी बनवू नका. आज किती, काल किती, हा हिशेब सोडा. आवाज काही दिवस वाढतो, झोप कमी झाली की वाढतो, पुन्हा बसतो. आणि घाबरून दिवसभर, शांत घरातही कानात बोळे घालून बसू नका. त्याने आतलाच आवाज मोठा वाटतो.

घरच्यांनाही एक विनंती. ‘‘अजून वाजतात का कान?’’ असे रोज विचारू नका. मात्र समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोला. ओरडण्याची गरज नाही.

कारखान्यातल्या तरुण सहकाऱ्यांसाठी एवढेच, की दरवर्षीचा ऑडिओग्राम मागून घ्या आणि त्याची प्रत घरी फाइलला लावा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत गोंगाटाने आलेला श्रवणदोष व्यावसायिक आजारांत गणला गेला होता. पण हक्क मागताना कागद लागतो, आणि तो जुन्या तारखेचा लागतो.

मित्रहो, आता थोडे आपल्या उत्सवाबद्दल. रागावू नका. लोकमान्यांच्या काळी, १८९३ च्या सुमारास, लाउडस्पीकर नव्हता, तरी उत्सव झाला आणि गाजला. ढोल-ताशाचा मला तिटकारा नाही. ताशाची तर्री कानावर पडली की आजही माझे पाय हलतात. पण गणित ऐका. अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास काम करावे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाची मंडळी लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज बऱ्याच वर्षांपासून मोजत आली आहेत, आणि काही वर्षी तिथली सरासरीच शंभराच्या पुढे गेली आहे. आपली मिरवणूक तीन तास चालते. ढोलापासून हातभर अंतरावर बाबांच्या खांद्यावर बसलेल्या चिमुरड्याच्या कानांचा हिशेब आता तुम्हीच करा.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितले. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. पण पोलीस येतील म्हणून नव्हे, आपल्याच मुलांसाठी मी मंडळाकडे चार गोष्टी मागतो.

एक, पथकातल्या प्रत्येक वादकाला फोमचे इअर प्लग द्यावेत. बोटांत गोल वळून, कान वर ओढून, आत घालून फुगू द्यायचे. नीट बसले तर वीसएक डेसिबल कमी होतात. कापसाच्या बोळ्याने असे काही होत नाही. दोन, वादकांची पाळी ठेवावी आणि मधे कानांना विश्रांती द्यावी. तीन, लहान मुले ढोलांच्या मागे पुरेशा अंतरावर चालावीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरचे आठ मीटर केले तर बारा. चार, मंडपातल्या स्पीकरची तोंडे मांडवाच्या आत असावीत आणि पुढच्या रांगेत मुले बसवू नयेत.

आणि मिरवणुकीनंतर कान वाजले तर? बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत थांबतात. तोवर मोठ्या आवाजापासून दूर राहावे, इअरफोन लावू नये. दोन दिवसांनी थांबले नाहीत किंवा ऐकू कमी येते आहे असे वाटले तर डॉक्टरकडे जावे. तरुणांनी इअरफोनचेही लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तास ही मोठ्यांची मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ आहे.

ज्यांचे कान आज वाजत आहेत त्यांना सांगतो, पहिली काही वर्षे मी दिवसातून शंभरदा त्या शिट्टीकडे वळत होतो. आता कधी कधी जेवण, गप्पा, नातवाचा अभ्यास यांत अख्खा दिवस जातो आणि रात्री आठवते की आज तिची चौकशीच केली नाही. ज्यांना बोलावेसे वाटते त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. प्रसाद घेत मागच्या खुर्च्यांवर बसू. आणि पथकाच्या प्रमुखांनी जाण्यापूर्वी भेटावे, इअर प्लगचा पहिला खोका मी आणून ठेवला आहे.

एवढे बोलून माझे भाषण संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!