दातासारखा दात



'जालना सोने का पालना' असे या गावाविषयी पूर्वापार म्हणत आले आहेत. सोन्याचे कौतुक असलेल्या काळी सोन्याने मढवलेला दात हीही मिरवण्याची वस्तू होती. हसताना तो चमकावा यातच त्याचे मोल असे. आज मागणी नेमकी उलटी आहे. दात भरला आहे हे शेजाऱ्यालाही कळू नये, असे ज्याला त्याला वाटते. परंतु रंग जुळला म्हणजे दात जुळला असे नव्हे. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. आज आम्ही ती शब्दशः घेणार आहोत. खायच्या दाताची नक्कल माणसाला कितपत साधली, हा आमचा विषय आहे.

नक्कल करायची तर मूळ वस्तू आधी पाहिली पाहिजे. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. त्याच्या वजनात सुमारे 96 टक्के खनिज असते आणि दाढेच्या टोकावरसुद्धा त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपासच असते. मात्र कठीण वस्तू ठिसूळही असते. नुसत्या दंतवल्काचा दात काचेसारखा तडकला असता. म्हणून त्याच्या आत दंतिनाचा थर आहे. त्यात खनिज सुमारे 70 टक्के. बाकीचे पाणी आणि कोलॅजन नावाचे चिवट तंतू. जालनेकरांना ही रचना समजावून सांगण्याची गरजच नाही. येथल्या कारखान्यांतून सळई बाहेर पडते. नुसत्या काँक्रीटची तुळई ताण येताच तडकते. आत सळई असली म्हणजे तग धरते. दंतिनातले तंतू हे दाताची सळई होत. दंतवल्क त्याच्या चौपटीहून अधिक ताठ, दंतिन किंचित लवणारे. आणि दोहोंचा सांधा असा, की वरून आलेली चीर बहुधा तेथेच अडते. ज्वारीची भाकरी, भाजलेले हरभरे, चुकून आलेला खडा हे सारे दात वर्षानुवर्षे सोसतो तो या जोडीच्या बळावर.

या रचनेत एक उणीव आहे आणि तीच सगळ्या प्रश्नाचे मूळ होय. मोडलेले हाड सांधते. दंतवल्क पुन्हा उगवत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. कीड अगदी प्रारंभी, नुसत्या पांढऱ्या डागाच्या रूपात असेल, तर लाळेतली खनिजे आणि फ्लोराईड यांनी ती थोपवता येते. खड्डा पडला, की तो बाहेरूनच भरावा लागतो.

शंभरांहून अधिक वर्षे तो चांदीने भरला गेला. लोक चांदी म्हणतात, पण ते चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीत जवळजवळ निम्मा पारा मिसळून केलेले मिश्रण असते. स्वस्त, टणक आणि टिकाऊ. परंतु ते दाताला चिकटत नाही. ते निसटू नये म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरावा लागे, आणि त्यात निरोगी दातही कापला जाई. खुंटी बसवण्यासाठी भिंत फोडण्यासारखाच हा प्रकार. भरणी शाबूत आणि बाजूचा दात तुटलेला, असे म्हणूनच पुष्कळदा घडे.

मार्ग निघाला तो चिकटवण्याच्या विद्येतून. लोखंडावर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात ते फॉस्फोरिक आम्लाने धूत असत. अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली तोच प्रयोग दातावर केला. आम्लाने दंतवल्कावर डोळ्यांना न दिसणारी खळगी पडतात आणि राळ त्यांत शिरून घट्ट बसते. 1962 साली राफेल बोवेन यांनी अशा कामाला योग्य राळ आणि तीत काचेसारख्या कणांची भर, असे मिश्रण सिद्ध केले. आज निळा प्रकाश टाकून घट्ट करतात ते दातरंगी साहित्य याच वंशातले. ओलसर दंतिनाला चिकटणे अधिक अवघड होते. जपानमध्ये नाकाबायाशी यांनी 1982 साली दाखवले, की राळ कोलॅजनच्या जाळ्यात मुरून तेथे एक मिश्र थर तयार होतो. सळईच्या जाळीत सिमेंट शिरावे, तसेच हे.

दुसरी वाट इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी काढली. त्यांचे ग्लास आयनोमर सिमेंट 1972 साली प्रसिद्ध झाले. काचेची भुकटी आणि सौम्य आम्ल यांचे हे मिश्रण दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नाते जोडते, उष्णतेने साधारण दंतिनाइतकेच फुगते आणि फ्लोराईड हळूहळू सोडत राहते.

आता कुशल दंतवैद्य दंतिनाच्या जागी लवचीक, कधी तंतुमिश्रित साहित्य घालतो आणि दंतवल्काच्या जागी कठीण राळ किंवा चिनी मातीच्या जातीचे साहित्य बसवतो. थराला थर, गुणाला गुण, ही खरी नक्कल. तीत उणिवा आहेतच. राळ घट्ट होताना किंचित आकसते, तिला काम चालू असताना कोरडा दात लागतो, आणि दाढेच्या भरणीत जुनी चांदी तिच्याहून अधिक टिकते, असे तुलनेत आढळले आहे. ग्लास आयनोमर जोराच्या चावण्याखाली झिजते. तरीही पाऱ्याचे दिवस सरत आहेत. 2013 च्या मिनामाता करारात भारत 2018 साली सामील झाला, आणि युरोपीय संघाने 2025 पासून ही भरणी, थोडे अपवाद सोडून, बंद केली. ज्यांच्या दाढेत सुस्थितीतली चांदी आहे, त्यांनी मात्र ती उगाच काढून घेऊ नये.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, ही शहरातल्या श्रीमंतांची कथा आहे. आम्हाला ते मान्य नाही. मंठा किंवा घनसावंगीच्या एखाद्या खेड्यातला मजूर दाढ दुखली की लवंग धरतो, घरातली बाई मिश्री लावते, आणि दुखणे असह्य झाले की रोज बुडवून गावाला येऊन म्हणतात, "काढूनच टाका." दाढ गेली, की शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो आणि चावण्याचा सारा भार एका बाजूवर येतो. दात आहेत तर चणे नाहीत, ही गरिबीची जुनी तक्रार. चणे असून दात नाहीत, ही वेळ तरी टाळता येण्याजोगी आहे. टांझानियात 1980 नंतरच्या दशकात यो फ्रेंकेन आदींनी विजेविना, नुसत्या हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर भरण्याची पद्धत बसवली. शाळेच्या ओसरीवरही ती चालते. अशी शिबिरे तालुक्यातालुक्यांतून नेमाने व्हावीत, हे मागणे आपण जिल्हा रुग्णालयाकडे आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे धरले पाहिजे.

आणि एक काम तर आज घरी गेल्यावरच करता येईल. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या दुधाच्या दातांमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. पुष्कळ आईबाप तिला दुधाची समजतात आणि कीड लागली तरी "पडेलच ती" म्हणून सोडून देतात. ती पडली, तर दुसरी येत नाही. दिव्याजवळ नेऊन त्या दाढेकडे नीट पाहा. काळा ठिपका दिसला तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवा. लहान खड्ड्याला लहान भरणी पुरते.

माणसाने केलेला कोणताही पदार्थ जिवंत दाताच्या बरोबरीला अजून आलेला नाही. नव्या साहित्याचा मोठेपणा इतकाच, की ते उरलेला दात कमीत कमी कापून त्याला साथ देते. उरलेला दात राखणे मात्र आपल्याच हाती आहे.